सव्वा मूठ गहू

मगनची मूठ सगळ्या घराण्यात नावाजलेली होती. सारंगखेड्याच्या यात्रेत बिथरलेला घोडा त्याने एका हाताने लगाम धरून जागच्या जागी उभा केला, असं भाऊबंद सांगायचे, आणि सांगता सांगता तो घोडा दरवर्षी थोडा थोडा मोठा होत जायचा. पण त्या मुठीला खरा मान मिळायचा तो श्रावणात.

नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्या घरी कानबाई बसायची. पाटावर नारळ, नारळाला नथ नि डोळे, अंगावर कोरं लुगडं. तिच्या रोटांसाठी घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडायचा. ज्याची मूठ त्यानेच भरायची, तान्ह्या पोराची त्याच्या बापाने. सगळा गहू एकत्र दळायचा, त्याच पिठाचे पुरण भरलेले जाड रोट भाजायचे, आणि ते घराण्यातल्या माणसांनी उंबऱ्याच्या आत बसून खायचे. उंबऱ्याबाहेर गेलेला रोट बाटला. आणि ज्याची मूठ पडली त्याला कानबाई पुढल्या श्रावणापर्यंत सांभाळते, यावर घरातल्या बायकांचा असा भरवसा होता की त्यापुढे दिवाणी कोर्टाचा निकालही फिका पडावा.

बायकांची मूठ नसे. त्या नवऱ्याच्या मुठीत आल्या. लेकींची तर नव्हतीच, कारण त्या परक्या घरच्या. मगनची धनू सहा वर्षांची असताना तिने हौसेने सुपात हात घातला, तेव्हा छबूबाईने, म्हणजे तिच्या थोरल्या काकूने, असा फटका दिला की बोटं लाल झाली. मगन मात्र हसला. आपली मूठ सोडताना त्याने मुद्दाम चार दाणे जास्त टाकले आणि म्हणाला, "ह्या चार दाना मन्ही धनूना."

ते चार दाणे धनूने जन्मभर जपले. म्हणजे मनात. खरे दाणे तर त्याच दिवशी दळले गेले.

ती नऊ वर्षांची झाली त्या श्रावणात तिच्या आईला, कौसाबाईला, मुलगा झालेला होता. वीस दिवसांचं ते पोर कानबाईच्या दोन दिवस आधी गेलं. घराण्याला सुतक आलं. निवडलेला गहू पुन्हा कणगीत गेला, गाणाऱ्या बायकांना निरोप गेले आणि रोट मोडला. पाच पिढ्यांत न मोडलेला रोट. त्यानंतर जे जे वाईट झालं ते कौसाबाईच्या नावावर चढलं: बैल मेला तो तिच्यामुळे, कपाशीला अळी पडली ती तिच्यामुळे. थंडीत मगनला खोकला लागला, खोकल्यातून रक्त पडलं, तेसुद्धा तिच्यामुळेच. बाई सगळं खाली मान घालून ऐकायची. पोर तिचं गेलं होतं, हे कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी मगनला तपासून क्षय सांगितला. भरपूर दूधतूप द्या, दर महिन्याला आणून दाखवा आणि पोरांना लांब ठेवा, असं ते म्हणाले. तिन्हींपैकी तिसरं लगेच अमलात आलं. मळ्यातल्या झोपडीत खाट टाकली गेली आणि मगन तिकडे गेला. कौसाबाई वीस माणसांचा स्वयंपाक करायची. झोपडीत गेलेल्या बाईचा हात पिठाला लागू नये, असं छबूबाईने ठरवलं. मग भाकर घेऊन कोण जाणार? धनू. पोरांना लांब ठेवायचं होतं, पण पोरं मोजताना धनू मोजली गेली नाही.

दीड वर्ष ती दिवसातून दोनदा मळ्यात जात राहिली. बाकीच्या पोरी चिंचेखाली सागरगोटे खेळायच्या तेव्हा ती मडक्यात राख घालून बापाच्या खाटेखाली ठेवायची, भरलं की बांधापलीकडे खड्ड्यात पुरायची. वारा कुठून येतो ते बघून बसायचं, हे तिला कोणी शिकवलं नाही, ती शिकली. खोकल्याचा आवाज ऐकून आज रक्त पडणार की नुसता कफ, हे तिला आधीच कळायचं. बापाला काखेत हात घालून बसतं करायचं, तोंड पुसायचं आणि आपल्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे सगळं तिला दहाव्या वर्षी येत होतं. पोरीचं वय वाढतं ते वर्षांनी, पण धनूचं बापाच्या अंगावरचं मांस जसं उतरत गेलं तसं वाढलं. मला हे आज सांगतानाही त्या घराचा राग येतो.

मगन शेवटपर्यंत हसरा होता. "आज काय आनं, धनूबाई? बासुंदी?" भाकर आणि कुळथाचं पाणी बघून तो विचारायचा. ती "हा, बासुंदी" म्हणायची. दोघं हसायची, मग तो खोकायचा, मग हसणं थांबायचं.

मोडलेल्या सणाच्या दिवशी घरात गाय व्याली तर तो सण पुढल्या वर्षापासून पुन्हा लावता येतो, असा त्यांच्याकडे रिवाज होता. मधल्या श्रावणात बरोबर त्याच रविवारी गाय व्याली. कौसाबाई गोठ्यात वासराच्या गळ्यात पडून रडली. म्हणजे यंदाचा, एकोणीसशे छत्तीस सालचा रोट हा मोडल्यानंतरचा पहिला. घराण्याचा कर्ता होता भाईदास, मगनचा थोरला भाऊ. पोरं त्याला आबा म्हणायची. त्याने आषाढातच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "यंदा या बाईना पायी रोट मोडना, तं हाई पोर लई इनी माहेर जावानं. मंग मन्हा घरमा इनी चूल नई." कौसाबाईच्या माहेरी आईबाप नव्हते, भाऊ नव्हता, पडकी भिंतसुद्धा नव्हती. आणि मगन तर आषाढापासून खाटेवरून उठला नव्हता. तेव्हा त्या श्रावणात सगळं घर देवीची वाट बघत होतं, आणि धनू आणि तिची माय बापाचे श्वास मोजत होत्या.

कानबाईच्या आधीच्या गुरुवारी गहू काढला गेला. सगळ्यांच्या मुठी पडल्या. मगनची राहिली. भाईदास आबाने फडक्यात गहू बांधून धनूकडे दिला आणि बापाच्या हाताने भरून आण म्हणून सांगितलं. कौसाबाई दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "त्यासना हाततीनच भराई ली ये, बेटा. यंदा मूठ पडनी का त्या वाचतीन."

धनूने फडकं खाटेवर उलगडलं, वाटी ठेवली आणि बापाला बसतं केलं. मगनने गव्हात हात घातला. बोटं दाण्यांत बुडाली, पण मिटली नाहीत. हात उचलला तसे दाणे बोटांमधून खाली ओघळले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं दाबून धरली, तरी वाटीपर्यंत तळहात रिकामा झाला. तो बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला, जसा काही तो शेजाऱ्याकडून मागून आणला होता.

"तू भर," तो म्हणाला.

"मन्ही मूठ नई चालत, बा."

"कोन देखी ऱ्हायनं? भर."

धनूने मूठ भरली. अकरा वर्षांच्या पोरीची मूठ ती केवढी! वाटीचा तळ जेमतेम झाकला. मग वरची पाव मूठ टाकली. मगनने चिमटीत एक एक करून चार दाणे उचलले, थरथरत वाटीवर नेले आणि सोडले. "आनी ह्या चार मन्हा," तो म्हणाला, आणि हसला. धनूला मात्र या वेळी हसू आलं नाही.

मग तो आडवा झाला आणि वर आढ्याकडे बघत बोलू लागला. "आइक धनू. सोमवारे कानबाई तापीमा जाई. तवपावत मी दम धरस. पन दम नई निंघना, तं कोनले सांगू नको. तुन्ही मायलेबी नको. सुतक कानले लागस, पोरी. ज्याले मालूम नई त्याले सुतक नई. कानबाई पानीमा गई का मंग सांग."

"बा, असं नको ना बोलू."

"तुन्ही मायले त्या घरमातीन काढतीन. मन्ही आन शे तुले."

तिने त्याच्या पायावर हात ठेवला. शपथ झाली. वाटी घेऊन ती घरी आली, आणि आबाने तो गहू बाकीच्या गव्हात ओतला. कौसाबाईने तिकडे बघून हात जोडले. धनूला वाटलं आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं, मूठ त्याची नाही, माझी आहे. पण मायच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी उजळलं होतं, ते विझवायला तिची जीभ वळली नाही.

रविवारी कानबाई बसली. घरभर रोटांचा वास सुटला, गंगाफळाची भाजी शिजली, खीर आटली. दिवस कलताना कौसाबाई आबासमोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून तिने विचारलं, "गाडी धाडा ना. त्या घर येतीन, एक रोट खातीन, मंग परत धाडी द्या."

भाईदास आबाने पाटावरच्या कानबाईकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. भ्यालेला होता, आणि भ्यालेली माणसं वाईट माणसांपेक्षा जास्त नुकसान करतात. "आठे ईसन काही व्हयनं तं?" तो म्हणाला. "देवी पाटवर बठेल शे. उद्या तिले पोचाडूत, मंग मी सोता गाडी जुपीसन त्याले घर लई येस." बोलताना त्याचे डोळे भरले होते. भाऊ त्याचाही होताच.

कौसाबाई स्वयंपाकघरात परतली. तिने इकडेतिकडे बघून एक रोट उचलला, धनूच्या ओच्यात कोंबला आणि म्हणाली, "जाय. बाटना तं बाटना, पाप मन्हं. दोन घास तरी खावाड त्यासले."

धनू धावली. चिखलात पाय रुतत होते, दोन्हीकडे गुडघाभर कपाशी होती, आणि पोटाशी रोट ऊन ऊन लागत होता. झोपडीत बाप कुडाला टेकून बसला होता, सकाळी तिने बसवला होता तसाच. डोळे अर्धे उघडे. "बा, आज खरोखर गोड शे," ती म्हणाली. तिने एक तुकडा मोडून त्याच्या ओठांशी धरला. तुकडा मांडीवर पडला. तिने तो उचलून पुन्हा धरला. कानबाईला केवढी नथ घातली आहे आणि छबूबाईचं पुरण कसं पातळ झालं, हेही सांगितलं. सांगता सांगता तिने त्याचं तोंड पुसायला हात लावला, आणि गाल थंड लागला.

ती रडली नाही असं सांगितलं तर खोटं होईल. ती रडली, पण तोंडात स्वतःची मूठ कोंबून, कारण बाजूच्या शेतात भिला पाटलाचा गडी वैरण कापत होता. मग तिने बापाला आडवं केलं, हनुवटीपर्यंत गोधडी ओढली, रोट उशाशी ठेवला. कुत्री शिरू नयेत म्हणून दाराला बाहेरून दोरी बांधली. विहिरीवर पाय धुतले, तोंड धुतलं आणि घरची वाट धरली.

कौसाबाई मागच्या दारात उभी होती. "खादा का?"

"खादा."

"कितला?"

"अर्धा."

"आते काय करी ऱ्हायनात?"

"झोपेल शेत."

कौसाबाईने तिथेच जमिनीला डोकं टेकलं. उठून तिने लेकीला जवळ घ्यायला हात पसरले, तशी धनू चार पावलं मागे सरकली. कारण सुतक कानाला लागतं, आणि कान फक्त तिचे होते. त्या भरल्या घरात ती एकटीच सुतकी होती. तिला कानबाईला शिवायचं नव्हतं, कुंकवाला शिवायचं नव्हतं, आणि उद्या जिच्या डोक्यावर देवीचा पाट जायचा त्या मायलाही शिवायचं नव्हतं. आरतीचं ताट पुढे आलं तेव्हा ती खांबामागे गेली. "देख, कशी फुगी गई शे," छबूबाई म्हणाली. "देवीना सणले तोंड वाकडं." धनूने ते ऐकून घेतलं. त्या रात्री बायका गात होत्या आणि सगळ्यांत वरचा आवाज कौसाबाईचा होता. दोन वर्षांनी ती गात होती, हातात हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. धनू भिंतीला पाठ लावून मायचं ते कुंकू बघत राहिली.

सोमवारी सकाळी वाजत गाजत कानबाई निघाली. पाट डोक्यावर घ्यायचा नवस कौसाबाईने केला होता. रोट सुखरूप झाला म्हणून कोणी आडकाठी केली नाही. तापी दुथडी भरलेली होती आणि काठाचा उतार नुसता गारा. धनू बाजूने, तीन हात अंतर ठेवून चालत होती. अर्ध्या उतारावर कौसाबाईचा पाय सटकला. पाट कलला, नारळ गडगडला, नथीचे मोती हलले. "धनू, हात दे!" माय ओरडली.

तिच्याइतकं जवळ दुसरं कोणी नव्हतं. धनू क्षणभर तशीच उभी राहिली. नारळ फुटला तर रोट मोडला, माय घराबाहेर. हात दिला तर देवी बाटली. कुठलाही रस्ता घेतला तरी शेवटी पाप तिच्याच वाट्याला होतं. तिने पुढे झेप घेऊन एका हाताने मायचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने कानबाईला.

"शाबास!" लोक म्हणाले. "पोर कामनी निंघनी." भाईदास आबाने सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. धनूने अंग आकसून घेतलं. मग कानबाई तापीत गेली. एकदा वर आली, पुन्हा बुडाली आणि धारेला लागली.

कौसाबाई ओल्या लुगड्यानेच मळ्याकडे निघाली. आबाने दिलेला शब्द पाळला. त्याने गाडी जुंपायला घेतली. पण तिला तेवढा धीर कुठला? "चाल, तुन्हा बाले घर लई येऊत," ती धनूला म्हणत होती आणि अर्धी चालत, अर्धी पळत होती. धनूला वाटेत सांगायचं होतं. आता सांगायला मोकळीक होती. पण ती मायच्या मागे नुसती पळत राहिली.

दाराची दोरी कौसाबाईनेच सोडली. आत जाऊन तिने मगनच्या पायाला हात लावला. मग गोधडी बाजूला करून हाताला, छातीला, गालाला. मग तिला उशाशी ठेवलेला रोट दिसला. एक कोपरा मोडलेला, बाकी सगळा जसाच्या तसा, आणि त्यावर मुंग्यांची रांग. ती मान वळवून लेकीकडे बघू लागली.

"कव्हय?"

"काल. दिवा लागाना आगूदर."

कौसाबाईने आपले हात पाहिले. हळद-कुंकवाने भरलेले हात. काल संध्याकाळपासून आपण काय काय शिवलं, काय काय गायलं, डोक्यावर काय घेतलं, ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं धनूने पाहिलं. माय आता मारेल असं तिला वाटलं. तिने मारावं, असंही तिला वाटलं. पण बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू यायला लागला होता. गाडी बांधापाशी आली होती.

कौसाबाईने रोट उचलला. फुंकर मारून मुंग्या झटकल्या, मधोमध मोडला आणि अर्धा धनूच्या हातात दिला.

"खाय. झपझप. कोनले दखावाले नको."

दोघी मगनच्या खाटेशी उभ्या राहून त्याच्या वाट्याचा रोट खाऊ लागल्या. कौसाबाई न चावता घास ढकलत होती, डोळे दाराकडे. शेवटचा तुकडा घशाखाली गेला, तशी तिने बांगड्यांचे हात खाटेच्या माच्यावर आपटले आणि हंबरडा फोडला. भाईदास आबा धावत आत आला.

"आत्तेच," ती म्हणाली. "आत्तेच गयात. मन्हा हातवर."

आबाने भावाचा हात हातात घेतला. तो हात लाकडासारखा ताठ झालेला होता, आणि आबाने आयुष्यात पुष्कळ मढी उचलली होती. तो कौसाबाईकडे बघत राहिला, मग धनूकडे. मग त्याने तो हात हलकेच खाली ठेवला आणि म्हणाला, "हा. आत्तेच गया व्हई." आणि डोक्यावरचं पागोटं काढून जमिनीवर बसला.

धनू कोपऱ्यात उभी होती. तिच्या तोंडात शेवटचा घास होता. गहू तिच्या मुठीचा होता, म्हणून कानबाईने तिला ठेवलं. बापाचे दाणे चार होते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. देवी कोणाचीही मूठ विसरली नव्हती. आपण त्या दिवशी नाही म्हटलं असतं, त्याची बोटं आपल्या हातात धरून मिटवली असती, तर ती मूठ त्याची झाली असती. हे आधी का सुचलं नाही, एवढंच तिला कळत नव्हतं, आणि पुढे साठ वर्षं ती दर श्रावणात तेच स्वतःला विचारणार होती.

माय रडत होती, आबा रडत होता, बाहेर गाडीसोबत आलेला गडीही डोळे पुसत होता. धनूला रडता येईना, कारण घास अजून गिळला जात नव्हता.